आधी छत, मग गोष्ट

गुलाब कोणाच्याही घरी गेला की आधी छत ठोकून पाहतो.

दारात चपला काढायच्या, हातातली काठी उलटी धरायची आणि तिच्या लोखंडी टोकानं डोक्यावरच्या स्लॅबला दोन-चार ठिकाणी हलके टोले द्यायचे. मान तिरपी करून ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर आत येऊन बसायचं, पाणी मागायचं. आवाज बद्द आला तर त्या जागेखाली जो कोणी बसला असेल त्याला, मग तो घरमालक असो की घरमालकाचे वडील, दंडाला धरून बाजूला सरकवायचं. रामराम त्यानंतर. "आधी छत, मग गोष्ट," असं तो म्हणतो आणि वर बोटही दाखवतो.

ही खोड त्याला खाणीनं लावली. सौंसरच्या पलीकडे मँगनीजची एक जुनी खाण आहे, तिथे तो फोरमन आहे आणि सौंसरलाच राहतो. खाणीत सुरुंग उडाला की नव्या जागी पाऊल टाकण्याआधी डोक्यावरचा दगड पहारीनं ठोकून पाहावा लागतो. पक्का दगड वाजतो, सुटलेला बद्द बोलतो. खाणीत हा नियम आहे. गुलाबनं तो जमिनीवर आणला, एवढंच.

त्यापायी एक लग्नही जमलं. शोभाच्या, म्हणजे गुलाबच्या बायकोच्या, भावाच्या मुलासाठी आम्ही रामाकोन्याला मुलगी पाहायला गेलो होतो. गुलाबनं रिवाजाप्रमाणे बैठकीचं छत ठोकलं. मुलीसाठी जो पाट मांडला होता, बरोबर त्याच्या वर आवाज बद्द आला. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि पाटावर टेकणार तोच गुलाब उठला. "बाई, तू तिथं नको बसू. तू इकडं आमच्यात बस," असं म्हणून त्यानं तिला मुलाच्या मावशीशेजारी जागा करून दिली. मुलीच्या आजीनं पदर डोळ्याला लावला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं मुलीला आपल्यात बसवून घेतलं म्हणजे पसंती झाली. आतून लगेच पेढे आले. आता पेढे परत कसे करायचे? मुलानं मुलीकडे पाहिलं, मुलीनं मुलाकडे पाहिलं, दोघंही हसली. ते जोडपं सुखात आहे. ते छतही अजून पडलेलं नाही, याचं मात्र गुलाबला थोडं वाईट वाटतं.

गुलाब माझा साळा. माझी बायको कुसुम, तिचा हा धाकटा भाऊ. माझ्या सासऱ्यांना फुलझाडांची हौस होती म्हणून मुलांना ही नावं मिळाली. कुसुमला नाव शोभायचं. गुलाब मात्र बाभळीच्या जातीचा आहे. उंच, काळा, काटक. पन्नाशी ओलांडली तरी सरळ उभा. कुसुमचं माहेर म्हणा की त्याचं मूळ घर, ते सावरगावात. माझं पांढुर्ण्यात. मध्ये जाम नदी. बाहेरच्यांना सांगायला हवं की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात. याला गोटमार म्हणतात. फार पूर्वी पांढुर्ण्याच्या एका पोरानं सावरगावची पोरगी पळवली, त्यावरून हे सुरू झालं म्हणतात. मी पांढुर्ण्याचा आणि कुसुम सावरगावची असून आमचं लग्न एकही दगड न खाता पार पडलं, असं कुसुम लोकांना सांगायची.

तर या गुलाबनं गेल्या काही वर्षांत दोन पदव्या एकदम करायला घेतल्या. एक खाणकामाची इंजिनिअरिंगची, नागपूरच्या कॉलेजात नोकरीवाल्यांसाठी असते ती. दुसरी गणिताची, मुक्त विद्यापीठाची. एकाच वेळी दोन पदव्या करायची सरकारनं मोकळीक दिली, ही बातमी वाचून बाकीच्यांनी पान उलटलं. गुलाबनं ती दोनदा वाचली.

खाणकामाची पदवी त्यानं पहिल्या वर्गात काढली. गणिताचा मात्र एक पेपर राहिला. दोनदा बसला, दोनदा नापास झाला. आणि आता विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलणार होता. येत्या परीक्षेत निघाला नाही तर तो पेपर पुन्हा देता येणार नव्हता आणि सगळी पदवीच पाण्यात जाणार होती. मला सांगायचं आहे ते या पेपराचं. पण गुलाबकडे सरळ रस्त्यानं जाता येत नाही.

दोन डिग्र्या कशाला, असं कोणी विचारलं तर तो माणूस पाहून उत्तर देतो. खाणीतल्या साहेबाला सांगतो, "साहेब, एका पायावर किती दिवस उभा राहू?" शेजाऱ्याला सांगतो, "एक डिग्री हरवली तर दुसरी राहते." शोभाला सांगतो, "तुह्यासाठी." त्यावर शोभा म्हणते, "मह्यासाठी एक कुकर आणा पहिले."

नागपूरच्या कॉलेजात पालकांची सभा झाली तेव्हा तोही गेला. तो विद्यार्थी, त्याला बोलावलं होतं. पण पांढरे केस आणि हातात काठी पाहून पालक त्याच्याच पाया पडू लागले. आमच्या पोराचं कसं आहे सर, म्हणून विचारू लागले. गुलाबला खोटं बोलता येत नाही. "तुमचा पोरगा हुशार आहे, पण मागच्या बाकावर झोपते," असं त्यानं एकाला सांगितलं. दुसऱ्याला म्हणाला, "तुमचा मी अजून पाह्यलाच नाई." सभा संपता संपता खरे सर आले तेव्हा त्यांना सांगायला काहीच उरलं नव्हतं. वर्गातल्या पोरांनी त्याच्याशी पुढचे काही दिवस अबोला धरला. मग परीक्षा जवळ आली आणि पोरं पुन्हा "काका, काका" करत त्याच्या भोवती जमली.

गणित आल्यापासून त्याच्या बोलण्यात दोन शब्द घुसले. सुरुवातीला 'समजा' आणि शेवटी 'म्हणून सिद्ध झाले'. "समजा, चहा ठेवला." मग चहा येतो. पिऊन झाला की कप खाली ठेवत, "म्हणून सिद्ध झाले." एखाद्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसला नाही तर म्हणतो, "सिद्ध करा." बसमधल्या कंडक्टरला, भाजीवालीला, डॉक्टरला, सगळ्यांना हेच. जामसांवलीच्या हनुमानाला तेवढं तो काही सिद्ध करायला सांगत नाही. तिथे मंदिराच्या बाहेर एका कोपऱ्यात उभा राहतो, कारण मूर्तीच्या वर पिंपळ आहे आणि पिंपळ ठोकून पाहता येत नाही.

गोटमारीच्या दिवशी तो आमच्या गच्चीवर येतो. डोक्यावर खाणीतलं हेल्मेट. नदीत मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा असतो, तो जिंकण्यासाठी दोन्हीकडून दगड सुरू होतात. गुलाब लांबूनच हिशेब मांडत असतो. "कोन चुकला. अजून उचलाले पाह्यजे होता. पाहा, पडला न पाण्यात." जन्म सावरगावचा आणि उभा पांढुर्ण्याच्या गच्चीवर. खालून कोणी तरी ओरडतं, "गुलाबभाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूनं?" हा वरून सांगतो, "मी गुरुत्वाकर्षणाच्या बाजूनं." एकदा म्हणाला, "भाऊजी, या लोकाईले थोडंसं गणित आलं न, तर गोटमार बंद होईल." मी विचारलं, कशी? "हिशेब कराले बसतील. हिशेब होईस्तोवर पोळा जुना होते."

कुसुम गेली त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. ती पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. ती गेली त्याच वर्षी मी निवृत्त झालो. घरात एकदम दोन प्रकारची शांतता आली आणि त्यातली कोणती कोणाची, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. माझं जग घर, वाचनालय आणि भाजीबाजार एवढंच उरलं. गुलाब त्याला 'भाऊजीचा त्रिकोण' म्हणायचा. लग्नाची पत्रिका आली की मी "पाहू" म्हणायचो. बारशाला "पाहू". गाव सोडून मी कुठेच गेलो नाही.

खाणकामाचा अभ्यास गुलाबनं कुसुम असतानाच सुरू केला होता. गणिताचा फॉर्म त्यानं ती गेल्यावर काही महिन्यांनी भरला. अभ्यास केंद्र पांढुर्ण्याच्या कॉलेजात आणि वर्ग रविवारी. त्यामुळे दर रविवारी सकाळच्या बसनं तो सौंसरहून येऊ लागला. हातात काठी, खांद्यावर पिशवी, मोसम असला तर पिशवीत संत्री. आला की छत ठोकायचा. मागच्या पडवीत एका जागी आवाज बद्द आला तर पुढच्या रविवारी गवंडी घेऊन आला आणि प्लास्टर खरडून नवं करून घेतलं. मला विचारलंही नाही. मग वर्गाला जायचा, परत यायचा आणि स्वयंपाक करायचा.

स्वयंपाक म्हणजे पाटोडी. बेसनाचं पीठ शिजवून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. वड्या पाडणं ही त्याची प्रयोगशाळा होती. ताट गोल, वड्या चौकोनी, मग कडेचे तुकडे वाया जातात, हे त्याला सहन व्हायचं नाही. कधी तिरप्या कापायचा, कधी षटकोनी. तोवर रस्सा आटून जायचा. शेवटी आम्ही कडेचे तुकडेच आधी खायचो.

जेवण झालं की पडवीत अभ्यास. पडवीच्या भिंतीवर कुसुमनं शिकवणीसाठी काळा फळा रंगवून घेतला होता. वरच्या कोपऱ्यात तिनं मुलींसाठी लिहून ठेवलं होतं, 'अक्षर सुवाच्य काढा'. ती गेल्यानंतर मी फळ्याला हात लावला नव्हता. गुलाबनं पहिल्याच रविवारी खडू उचलला आणि तेवढी ओळ सोडून उरलेल्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. त्याचं अक्षर म्हणजे मुंगळे शाईतून चालल्यासारखं. त्या ओळीखाली ते आणखीच वाईट दिसायचं. पण फळा पुसताना तो दर वेळी तेवढा कोपरा जपून पुसायचा. त्याचे ते सिद्धांत मला कळत नसत. मी माझं पुस्तक घेऊन शेजारी बसत असे. खडूचा आवाज बरा वाटायचा.

आणखी एक होतं. कुसुम गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो आला. ओवाळायला कोणी नव्हतं. त्यानं हातोडी मागितली आणि दाराच्या आत, चौकटीजवळ एक खिळा ठोकला. मी विचारलं, "हा कशाला?"

"एक टोकन लागाचं आहे," तो म्हणाला.

टोकनांचं त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं. खाणीच्या तोंडाशी एक फळी असते, तिच्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एका माणसाचा पितळी बिल्ला. खाली उतरताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, वर आलं की परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. पाळी सुटली तरी एक जरी खिळा रिकामा असला तर फोरमननं घरी जायचं नसतं.

मला वाटलं, हा खिळा कुसुमचा. तिचं टोकन कधी लागणार नाही, तरी भावाच्या मनाला एक जागा हवी. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विसरून मी त्यावर छत्री टांगली. गुलाबनं ती मुकाट्यानं काढून खुर्चीवर ठेवली. "तिथं काही नका लावू, भाऊजी. रिकामा राहू द्या."

संध्याकाळी निघताना तो दर वेळी म्हणायचा, "सौंसरले या एकदा."

मी म्हणायचो, "पाहू."

तो खिळ्याकडे एकदा पाहून बस पकडायला जायचा.

राहिलेला पेपर अनंत श्रेणींचा. न संपणारी बेरीज कधी कुठे पोचते आणि कधी पोचत नाही, असं काहीसं त्यात असतं. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा मी म्हटलं, होतं असं. दुसऱ्यांदा झाला तेव्हा मलाच वाईट वाटलं. त्याला विशेष वाटलेलं दिसलं नाही. "कठीण आहे, भाऊजी," म्हणाला आणि पाटोडीचं बेसन घोटत राहिला. दोन्ही वेळेला तो अर्ध्या वेळातच परीक्षेच्या खोलीतून बाहेर आला होता.

मग एके दिवशी शोभाचा फोन आला. "भाऊजी, हा शेवटचा चान्स आहे अन् हा माणूस पुस्तकाले हात लावून नाई राहिला. मह्यं ऐकत नाई. तुमचं ऐकंल. तुम्ही इकडं या न एकदा."

मी "पाहू" म्हणालो. फोन ठेवला. मग वाटलं, एका माणसाची इतक्या वर्षांची मेहनत जाते आहे आणि आपण काय पाहणार आहोत? दुसऱ्या दिवशी छत्री घेतली आणि सौंसरच्या बसमध्ये बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, कापूस फुटला होता. सगळं जागच्या जागी होतं. मला उगाच वाटत होतं की काही तरी बदललं असेल.

गुलाबच्या दारात पोचलो. तो कामावर होता. चपला काढल्या आणि काय वाटलं कोण जाणे, छत्री उलटी धरून मी छताला दोन टोले दिले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली शोभा जागीच थांबली.

"तुम्हालेही लागली का ही बिमारी?"

"पाहिलं वाजते का."

"छत काय ठोकता, भाऊजी. त्याचं डोकं ठोका. तिथूनच बद्द आवाज येते."

ती भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो आणि म्हणालो, पेपर फार कठीण आहे म्हणतो तो. शोभानं तव्यावरची भाकर काढली आणि माझ्यासमोर ताट ठेवलं.

"काय कठीण आहे त्याच्यात? हे पाहा. ही अर्धी भाकर टाकली ताटात. मग अर्ध्याची अर्धी. मग तिची अर्धी. टाकत राहा तुम्ही जल्मभर. ताटात एका भाकरीच्या वर काही जात नाई. आणि हे," तिनं दुसरी भाकर उचलली, "अर्धी, मग तिसरा हिस्सा, मग चौथा, मग पाचवा. दिसाले बारीक बारीक, पण टाकत राह्यलं तर घरातलं पीठ सरते, अन् बेरीज थांबत नाई. हेच तर आहे त्या पेपरात. मी कणीक मळून राहिली का हा बाजूले बसून शिकवते मले. मी दहावी नापास बाई. मले समजलं, अन् शिकवणाऱ्याले दोनदा समजलं नाई?"

मी भाकरीकडे पाहत राहिलो. "म्हणजे त्याला येतं?"

"झोपेत येते."

"मग लिहीत का नाही?"

शोभानं चुलीकडे तोंड फिरवलं. "पेपर निघाला का सेंटर सुटलं. सेंटर सुटलं का पांढुर्णा सुटलं. याच्यावर मी काय बोलू? तुमचं तुम्ही पाहा."

दुपारची पाळी सुटल्यावर गुलाब आला. मँगनीजच्या धुळीनं कोपरापर्यंत काळा. मला पाहून दारातच उभा राहिला. त्या दिवशी तो छत न ठोकता आत आला.

"भाऊजी? काय झालं?"

"काही नाही. बसनं आलो."

"एकटे?"

"समजा, एकटाच."

तो हातपाय धुऊन आला. चहा झाला. मी म्हणालो, "गुलाब, समजा तू पास झालास."

"समजलो."

"मग?"

"मग काय. दोन डिग्र्या. एक या भिंतीवर, एक त्या भिंतीवर."

"आणि रविवारी?"

तो कपात पाहू लागला. "रविवारी सुट्टी राहते."

मला थांबता येतं, ग्रंथपालाची ती सवयच असते. कप खाली ठेवून तो बोलू लागला.

"बाई होती तवा भाऊ म्हणून येत होतो, भाऊजी. भावाले बहिणीच्या घरी जायले कारण नाई लागत. आता बाई नाई. साळा कोणाच्या जोरावर साळा राहते? बहिणीच्या. मग मी कायच्या नात्यानं दर आठ दिवसाले येऊन बसू? लोक म्हणतील, जेवाले येते. तुम्ही काही म्हणणार नाई, पण तुमच्या मनात तरी येईल न, का हा काऊन येऊन राहिला म्हणून. क्लास असला का मोकळं वाटते. आलो, शिकलो, गेलो."

"माझ्या मनात एकदाही आलं नाही."

"सिद्ध करा."

मी चष्मा काढून पुसू लागलो. आतून शोभाचा आवाज आला. "अवो, जो माणूस कोपऱ्यावरच्या लग्नाले गेला नाई तो बसनं इथवर आला. अजून काय सिद्ध कराचं राह्यलं?"

गुलाबनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या छत्रीकडे पाहिलं, दारातल्या चपलांकडे पाहिलं. जणू उदाहरण पायरी पायरीनं तपासत होता.

"पेपर नीट लिही," मी म्हणालो. "मग एका रविवारी तू ये, एका रविवारी मी येतो. पाटोडी मात्र दोन्हीकडे तूच करायची."

"नक्की?"

माझ्या तोंडात 'पाहू' आलं होतं. ते गिळलं आणि "येतो" म्हणालो.

परीक्षा पांढुर्ण्यातच होती. मी कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसलो. अर्धा वेळ झाला. पोरं एकेक करून बाहेर येऊ लागली, त्यांत गुलाब नव्हता. पुस्तकाचं एकच पान मी किती तरी वेळ वाचत होतो. शेवटची घंटा झाली, सगळे आले, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत गुलाब आला. बोटं शाईनं माखलेली.

"आलं होतं का?" मी विचारलं.

"आलं होतं."

"मग?"

"म्हणून सिद्ध झाले."

घरी आलो. त्यानं छत ठोकलं, ऐकलं. मग शर्टाच्या खिशातून एक पितळी बिल्ला काढला. जुना, घासून चकचकीत केलेला. त्यावर नंबर नव्हता. तो त्यानं दाराजवळच्या खिळ्यावर लावला आणि नीट लटकतो आहे की नाही ते बोटानं हलवून पाहिलं.

मी म्हणालो, "हे कुसुमचं ना?"

"बाईचं?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "बाई कुठं खाली आहे, भाऊजी? खाली तर तुम्ही होते. बसनं सौंसरले आले त्याच दिवशी लावाले पाह्यजे होतं. पण म्हटलं, आपला पेपर होऊ द्या, मंग."

एवढं बोलून तो बेसन शोधायला आत गेला. मी दारात उभा राहून त्या बिल्ल्याकडे पाहत होतो. इतकी वर्षं पाळी सुटली होती आणि फोरमन घरी गेला नव्हता.

निकाल लागला. गुलाब पास झाला, तोही चांगला. शोभानं शेजारीपाजारी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की त्यात अर्धा पेपर तिचा आहे. आम्ही ठरल्याप्रमाणे रविवार वाटून घेतले. सौंसरला मी छत्री घेऊन जातो, छत ठोकतो. शोभा कपाळाला हात लावते.

निकालानंतरच्या पहिल्या रविवारी तो आला तेव्हा दाराजवळ, त्या बिल्ल्याच्या शेजारी, मी एक नवा खिळा ठोकून ठेवला होता. थोडा वाकडा बसला होता. गुलाबच्या लक्षात लगेच आलं.

"हा कोणाचा?"

"खाणीत सगळ्यांचे बिल्ले फोरमन पाहतो," मी म्हणालो. "फोरमन वर आला की नाही, ते कोण पाहतं?"

तो विचार करू लागला. "कोणी नाई."

"म्हणून."

त्यानं काठी उलटी धरली आणि त्या खिळ्याच्या भोवती भिंत ठोकून पाहिली. वर, खाली, डावीकडे. मान तिरपी करून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"भिंत चांगली आहे," शेवटी म्हणाला.

भिंतीचा आवाज खणखणीत होता. त्याचा मात्र जरा बद्द आला. मग मी त्याच्या हातातली काठी घेऊन त्या खिळ्यावर टांगली, त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि त्या दिवशी पाटोडीचं बेसन मीच घोटायला घेतलं.